बॉक्स स्कोअर वाचायचा कसा आणि आपल्या मैदानावर लिहायचा कसा

28–46, 7–13, 18–20, 6, 2, 81.

बास्केटबॉलच्या इतिहासातल्या एका अफाट कामगिरीचा हा सगळा हिशेब. 22 जानेवारी 2006 रोजी लॉस एंजेलिस लेकर्सच्या कोबी ब्रायंटने टोरोंटो रॅप्टर्सविरुद्ध एकट्याने 81 गुण केले. त्याने 46 शॉट मारले, 28 गेले. त्याच 46 पैकी 13 शॉट तीन गुणांच्या रेषेबाहेरून होते, त्यांतले 7 गेले. फ्री थ्रो 20 मिळाले, 18 गेले. रिबाऊंड 6, असिस्ट 2. आता पडताळा घ्या. गेलेल्या 28 पैकी 7 तीन गुणांचे, म्हणजे 21. उरलेले 21 दोन गुणांचे, म्हणजे 42. दोन्ही मिळून 63, वर फ्री थ्रोचे 18. बेरीज 81.

ही बेरीज जमली की बॉक्स स्कोअरची, म्हणजे सामन्याच्या खेळाडूवार आकड्यांच्या तक्त्याची, निम्मी भीती गेली असं समजा. अमेरिकेतला रात्रीचा सामना आपल्याकडे सकाळी चालू असतो, त्यामुळे शाळेची घंटा होण्याआधीच त्याचा बॉक्स स्कोअर मोबाइलवर येतो. तो नीट वाचता यावा हा या लेखाचा एक हेतू. दुसरा हेतू मला जास्त जवळचा आहे. खांडबारा आणि नवापूर परिसरातल्या शाळांत, आश्रमशाळांत जिथे जिथे मुलं-मुली बास्केटबॉल खेळतात, तिथे कुणीतरी वही-पेन घेऊन बसावं आणि आपल्या संघाचा बॉक्स स्कोअर लिहावा. त्या मैदानांवर कॅमेरा येत नाही. मुलगी काय खेळली, हे चार महिन्यांनी सांगायला आकड्यांखेरीज दुसरं काही उरत नाही.

आपल्या भागाला ही गोष्ट परकी वाटू नये. खो-खोच्या बातमीत ‘दोन मिनिटं दहा सेकंद संरक्षण आणि तीन गडी’ असं एका ओळीत छापून येतं आणि सामना न पाहिलेल्या माणसालाही खेळाडूचा वकूब कळतो. बॉक्स स्कोअरचं काम तेच, फक्त रकाने जास्त.

गुणांचा रकाना सगळ्यात शेवटी बघा

बहुतेक जण आधी गुण बघतात आणि तिथेच थांबतात. गुण किती झाले याआधी ते किती शॉट खर्चून झाले, हे विचारायला हवं. वीस गुण दहा शॉटमध्ये करणारी आणि पंचवीस शॉटमध्ये करणारी खेळाडू एकाच मापाने मोजायच्या नाहीत, कारण दुसरीने वाया घालवलेला प्रत्येक शॉट मैत्रिणीच्या वाट्याचा होता.

म्हणून आधी मिनिटं बघा. आंतरराष्ट्रीय नियमांनी सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा, एकूण 40 मिनिटांचा. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा 48 मिनिटांचा. बारा मिनिटं खेळून 8 गुण करणारी राखीव खेळाडू पस्तीस मिनिटांत 14 गुण करणारीपेक्षा कमी नाही. मग शॉट, मग फ्री थ्रो, मग टर्नओव्हर, म्हणजे शॉट न मारताच गमावलेला चेंडू. गुण त्यानंतर.

शॉटच्या रकान्यात नवखा वाचक दोन ठिकाणी हमखास गोंधळतो. पहिलं म्हणजे, ‘एफजी’ (फील्ड गोल) या रकान्यात दोन आणि तीन गुणांचे सगळे शॉट आधीच धरलेले असतात. ब्रायंटच्या ओळीत 28–46 आणि 7–13 आहे म्हणून त्याने 59 शॉट मारले असं होत नाही. 13 हे 46 च्या पोटातलेच. दुसरं म्हणजे, शॉट मारताना फाऊल झाला आणि चेंडू गेला नाही, तर तो शॉट मारलाच नाही असं धरतात आणि फक्त फ्री थ्रो लिहितात. चेंडू गेला, तर शॉटही मोजतात, बास्केटही मोजतात आणि वरचा एक फ्री थ्रोही. प्रतिस्पर्ध्याने ब्लॉक केलेला शॉट मात्र चुकलेला शॉट म्हणून मोजला जातो.

आता टक्केवारी. ब्रायंटचे 46 पैकी 28, म्हणजे 61 टक्के. पण तीन गुणांचा शॉट दीडपट मोलाचा, त्यामुळे गेलेल्या प्रत्येक थ्री-पॉइंटरमागे अर्धा शॉट जादा धरायची पद्धत आहे. 28 मध्ये साडेतीन मिळवा, 46 ने भागा: साडेअडुसष्ट टक्के. याला परिणामकारक टक्केवारी म्हणू. फ्री थ्रोही त्यात घ्यायचे असतील तर तिसरं सूत्र आहे. फ्री थ्रोंच्या संख्येला 0.44 ने गुणा, त्यात शॉट मिळवा, दुप्पट करा आणि गुणांना त्या आकड्याने भागा. 0.44 अशासाठी, की फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात, पण कधी बास्केटनंतरचा एकच असतो, कधी तांत्रिक फाऊलचा. सगळ्याची सरासरी काढली की निम्म्याच्या किंचित खाली येते. या मापाने ब्रायंटचे 81 गुण 74 टक्क्यांवर बसतात.

त्याच ब्रायंटचा निरोपाचा सामना 13 एप्रिल 2016 रोजी झाला. गुण 60, शॉट 50 पैकी 22, थ्री-पॉइंटर 21 पैकी 6, फ्री थ्रो 12 पैकी 10. हेच सूत्र लावलं की 54 टक्के. लेकर्स 101–96 असे जिंकले, प्रेक्षागृह उभं राहिलं, सगळं खरं. पण खेळाची प्रत वेगळी होती आणि ती गुणांच्या रकान्यात दिसत नाही. याउलट, पन्नास शॉट का मारले हेही आकडा सांगत नाही. त्या रात्री सगळे सहकारी चेंडू त्याच्याच हाती देत होते. आकडा वाचताना सामन्याचा प्रसंग डोक्यात ठेवावाच लागतो.

ताबा हे खरं चलन

शालेय संघांच्या मार्गदर्शकांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे थोडं थांबू. सामन्यात दोन्ही संघांना चेंडूचा ताबा जवळपास सारख्याच वेळा मिळतो. एकाने बास्केट केली की चेंडू दुसऱ्याकडे. त्यामुळे प्रश्न एवढाच, की मिळालेल्या ताब्याचं आपण काय केलं. ताबे मोजायचं सूत्र असं: शॉट, अधिक फ्री थ्रोंची 0.44 पट, अधिक टर्नओव्हर, वजा आपल्या आक्रमणातले रिबाऊंड.

समजा, आपल्या मुलींचा संघ 42–49 असा हरला. शॉट 50 पैकी 17, त्यात एक थ्री-पॉइंटर. फ्री थ्रो 18 पैकी 7. टर्नओव्हर 24. आक्रमणातले रिबाऊंड 12. ताबे झाले 50 + 8 + 24 − 12, म्हणजे साधारण 70. घरी जाताना सगळे म्हणणार, ‘शॉट बसत नव्हते.’ वही वेगळं सांगते. सत्तरपैकी चोवीस वेळा, म्हणजे तीनातून एकदा, शॉट मारायच्या आधीच चेंडू हातचा गेला: पास चुकला, पाय रेषेवर पडला, ट्रॅव्हलिंग झालं. शिवाय 11 फ्री थ्रो चुकले आणि सामना 7 गुणांनी गेला. दुसऱ्या दिवशीच्या सरावात थ्री-पॉइंटर घोटायचे, की दबावाखाली पास द्यायचा सराव करून शेवटी दमलेल्या पायांनी दहा-दहा फ्री थ्रो मारायचे? उत्तर समोर लिहिलेलं आहे.

अमेरिकेतल्या डीन ऑलिव्हर यांनी 2004 मध्ये बास्केटबॉलच्या आकडेवारीवर पुस्तक लिहिलं. सामना चार गोष्टींवर ठरतो, असं त्यांनी मांडलं: शॉटची परिणामकारकता, टर्नओव्हर, रिबाऊंड आणि फ्री थ्रो मिळवणं. त्यांनी दिलेलं वजन अनुक्रमे 40, 25, 20 आणि 15 टक्के. हे प्रमाण व्यावसायिक खेळातलं आहे. शालेय खेळात टर्नओव्हरचं वजन याहून पुष्कळ जास्त असतं, असं माझं मत आहे.

रिबाऊंडच्या नुसत्या संख्येला भुलू नका. समोरचा संघ जास्त चुकला की आपले रिबाऊंड आपोआप वाढतात. आपण चुकलेल्या शॉटनंतर किती चेंडू आपणच परत मिळवले, हे बघा. वरच्या उदाहरणात आपले आक्रमणातले 12 आणि त्यांचे बचावातले 28 धरले, तर 40 पैकी 12, म्हणजे 30 टक्के. वाईट नाही. या मुली रिंगखाली जीव तोडून झगडल्या, हे त्यांना नाव घेऊन सांगायला हवं.

असिस्ट हा लिहिणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असलेला रकाना. ज्या पासमुळे थेट बास्केट झाली तो असिस्ट. पास घेऊन खेळाडूने चार ड्रिबल केले, दोघींना चकवलं आणि मग मारलं, तर नाही. आंतरराष्ट्रीय नोंदीत पास घेणारीवर शॉट मारताना फाऊल झाला आणि तिचा एक जरी फ्री थ्रो गेला, तरी असिस्ट देतात; एनबीएत देत नाहीत. स्टील म्हणजे हिसकावलेला चेंडू. प्रत्येक स्टीलमागे समोरच्याचा एक टर्नओव्हर असतोच, प्रत्येक टर्नओव्हरमागे स्टील असेलच असं नाही.

प्लस-मायनसचा रकाना मोहक आणि फसवा. खेळाडू मैदानावर असताना संघ किती गुणांनी पुढे गेला किंवा मागे पडला, एवढंच तो सांगतो. चांगल्या चौघींबरोबर खेळणारीचा आकडा फुगतो. एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नका.

जे लिहिलं नाही ते कायमचं गेलं

2 मार्च 1962 रोजी विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात 100 गुण केले. शॉट 63 पैकी 36, फ्री थ्रो 32 पैकी 28. बहात्तर अधिक अठ्ठावीस. फिलाडेल्फिया वॉरियर्सने न्यूयॉर्क निक्सला 169–147 असं हरवलं. हा सामना कुठल्या महानगरात झालेला नाही. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी नावाच्या चॉकलेटच्या कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या छोट्या गावात तो झाला, चार हजारांच्या आसपास लोकांसमोर. त्याचं चित्रीकरण उपलब्ध नाही. रेडिओवरचं थोडं ध्वनिमुद्रण आहे आणि नोंदणीचा कागद आहे. हार्वी पोलॅक नावाचा माणूस त्या दिवशी आकडे टिपत होता. सामन्यानंतर त्यानेच एका कोऱ्या कागदावर 100 हा आकडा लिहून चेंबरलेनच्या हातात दिला आणि तो कागद धरलेला फोटो जगभर गेला.

याच चेंबरलेनने आणि बिल रसेलने कारकिर्दीत किती ब्लॉक केले, हे कुणीच सांगू शकत नाही. एनबीएत ब्लॉक आणि स्टील अधिकृतपणे टिपायला 1973-74 च्या हंगामापासून सुरुवात झाली, तोवर रसेल निवृत्त झाला होता आणि चेंबरलेनही थांबला होता. त्याआधी तो रकानाच नव्हता. बचावाचे दोन थोर खेळाडू, आणि त्यांच्या बचावाचा हिशेब नाही.

म्हणूनच जुन्या-नव्या ओळींची तुलना जपून करावी. आपल्या मुंबईच्या नागपाड्यातून अब्बास मुंतसीर यांच्यासारखा भारताचा कर्णधार घडला, 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या काळच्या नोंदीत थ्री-पॉइंटर शोधायला जाऊ नका. आंतरराष्ट्रीय खेळात तीन गुणांची रेषा 1984 मध्ये आली. आता नोंदीचं मोल बघा. पुण्याच्या शिरीन लिमये ज्या भारतीय संघातून खेळल्या, त्या संघाने 2017 मध्ये बंगळुरूत आशिया चषकाच्या ब गटाच्या अंतिम फेरीत कझाकस्तानला 75–73 असं हरवलं. दोन गुणांचं अंतर. अशा सामन्यात एखादा फ्री थ्रो, एखादा वाचवलेला टर्नओव्हर कुणाच्या नावावर होता, हे लिहिलेलं असणं म्हणजे त्या खेळाडूचा हक्क आहे.

बॉक्स स्कोअरला आजही पुष्कळ दिसत नाही. मैत्रिणीला मोकळी करण्यासाठी लावलेला स्क्रीन, रिंगखाली पाठ लावून अडवून धरलेली उंच प्रतिस्पर्धी, वेळेवर पोचून बिघडवलेला शॉट यांना रकाना नाही. माझा सल्ला असा, की मार्गदर्शकाने स्वतःचा एक रकाना वाढवावा. बास्केटला कारण ठरलेले स्क्रीन किंवा हात लावून बिघडवलेले पास, यांतलं काहीही एक निवडा. मुलांना कळतं, की सर हेही मोजतात, आणि ते ती गोष्ट जास्त करायला लागतात.

वही कशी आखायची

दोन माणसं हवीत. एकाने फक्त बघायचं आणि बोलायचं, दुसऱ्याने मान वर न करता लिहायचं. दुखापतीमुळे बाहेर बसलेली मुलगी यासाठी उत्तम. तिला खेळ दुप्पट कळायला लागतो. लांब पानांची वही आडवी धरा. डावीकडे जर्सीचे नंबर, मग शॉट, फ्री थ्रो, आक्रमणातले रिबाऊंड, बचावातले रिबाऊंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, टर्नओव्हर, फाऊल. शॉटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. दोन गुणांचा शॉट मारला की 2 लिहायचा, तीनचा मारला की 3. गेला तर त्याभोवती गोल. फ्री थ्रोसाठी 1, गेला तर गोल. बाकी ठिकाणी उभ्या रेघा, पाचवी आडवी. क्वार्टर संपला की शॉटच्या रकान्यात दुसऱ्या रंगाची रेघ मारा, म्हणजे कोण शेवटी दमतं ते नंतर कळेल.

एक प्रसंग लिहून बघू. बघणारी बोलते: ‘4 चा पास 9 ला, 9 ने रिंगखालून मारला, चुकला. 11 चा रिबाऊंड, परत मारला, गेला, फाऊल. फ्री थ्रो चुकला.’ लिहायचं काय? 9 समोर बिनगोलाचा 2. पास चांगला होता तरी बास्केट झाली नाही, म्हणून 4 ला असिस्ट नाही. 11 समोर आक्रमणातल्या रिबाऊंडची एक रेघ, गोल केलेला 2 आणि बिनगोलाचा 1. समोरच्या संघाच्या पानावर एक फाऊल. दहा सेकंदांत हे सगळं घडतं, म्हणून पहिल्या वेळी दमछाक होते. सवयीने हात बसतो.

जिल्हा पातळीवरून नाशिक विभागात आणि पुढे राज्य स्पर्धेत जाणाऱ्या संघांना अधिकृत स्कोअर शीटही वाचता यायला हवी. ती वेगळी असते. तिच्यात धावता स्कोअर असतो: बास्केट झाली की नव्या एकूण गुणांवर तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा नंबर, फ्री थ्रो असेल तर भरीव ठिपका, तीन गुणांचा शॉट असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. प्रत्येक खेळाडूसमोर फाऊलची पाच घरं असतात; पाचवं भरलं की ती बाहेर. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले, की त्यापुढच्या बचावातल्या प्रत्येक फाऊलला समोरच्याला दोन फ्री थ्रो. चुकलेले शॉट, रिबाऊंड, असिस्ट या शीटवर नसतात. म्हणून ती मिळाली तरी आपली वही बंद करायची नाही.

मैदानावर एकच खांब असेल तरी अडत नाही. थ्री-बाय-थ्री हा तीन-तीन खेळाडूंचा प्रकार अर्ध्या कोर्टवर, एकाच रिंगवर खेळतात. सामना दहा मिनिटांचा, किंवा 21 गुण आधी करणाऱ्याचा. रेषेच्या आतून एक गुण, बाहेरून दोन. वहीत 2 आणि 3 ऐवजी 1 आणि 2 लिहा, फ्री थ्रोला वेगळी खूण ठेवा. इथे बाहेरचा शॉट दीडपट नसून दुप्पट मोलाचा आहे, हे टक्केवारी काढताना विसरू नका.

सामना संपल्यावर जागेवरच तीन पडताळे घ्या. प्रत्येकीच्या गोलांची बेरीज तिच्या गुणांएवढी हवी. सगळ्यांचे गुण मिळून फलकावरच्या गुणांएवढे हवेत. आपल्या पानावरचे स्टील समोरच्या संघाच्या टर्नओव्हरपेक्षा जास्त असता कामा नयेत. काही जुळलं नाही तर तेव्हाच विचारा. रात्री घरी बसून आठवून लिहिलेला आकडा कामाचा नाही. वर तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी संघ आणि क्वार्टर किती मिनिटांचा होता हे लिहा. शेवटची नोंद बरेच जण विसरतात आणि मग सहा मिनिटांच्या क्वार्टरची दहा मिनिटांच्या क्वार्टरशी तुलना होते.

एका सामन्याची टक्केवारी मुलांना सांगू नका. दोनपैकी दोन गेले की शंभर टक्के, दोन्ही चुकले की शून्य. दोन्ही आकड्यांना अर्थ नाही. निदान पाच-सहा सामने जमवून मग बेरीज करा. टक्केवारी फळ्यावर लावायचा प्रकार तर मुळीच करू नका. तेरा-चौदा वर्षांची मुलगी स्वतःच्या नावापुढे 20 टक्के वाचते आणि शॉट मारायचंच सोडते. तिला बाजूला घेऊन एकच आकडा सांगा, तोही तिच्या हातात असलेला: ‘मागच्या तीन सामन्यांत तुझे टर्नओव्हर नऊवरून चारवर आले.’

सगळे रकाने पहिल्याच दिवशी भरायला जाऊ नका. पहिल्या सामन्यात शॉट, फ्री थ्रो आणि टर्नओव्हर एवढंच टिपा. हात बसला की रिबाऊंड घ्या, मग स्टील आणि ब्लॉक. असिस्ट सगळ्यात शेवटी, कारण त्याबाबत बघणारी आणि लिहिणारी यांचं आधी एकमत व्हावं लागतं.